चार्जिंगचे पेन्सिल सेल जीपीएसमध्ये कधी दिवसभर चालतात, कधी चार तासांत उतरतात, काय चुकतंय?

रानवाट_वाळपई

नमस्कार मंडळी, प्रश्न लांब आहे पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही म्हणून लिहितोय. माझ्याकडे दोन पेन्सिल सेलवाला हातातला जीपीएस आहे, ईट्रेक्स ३०, जुना आहे पण मस्त चालतो. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात डोंगर फिरताना मी तोच नेतो, कारण म्हादईच्या रानात आत शिरलं की मोबाईलची रेंज जाते आणि फोन रेंज शोधता शोधताच अर्धा उतरतो. त्यात मी चार्जिंगचे सेल घालतो, वर २७०० एमएएच (सेलमध्ये किती चार्जिंग मावतं त्याचा आकडा) लिहिलेले, असे चार आहेत, दोन आत नि दोन स्पेअर.

गेल्या रविवारी वनखात्याची परवानगी काढून आम्ही सहाजण सुर्ल्याच्या बाजूने चढत होतो. सकाळी सातला जीपीएस चालू केला, अकरा वाजायच्या आत बंद. बंद होताना बॅटरीच्या दोन काड्या दाखवत होता हो! धुकं एवढं की पुढचा माणूस दहा पावलांवर दिसेना, पाऊस चालूच, सगळे थांबले आणि मी पोंचोखाली वाकून ओल्या हातांनी सेल बदलले. दुसरी जोडी संध्याकाळपर्यंत चालली. पण त्या पाच मिनिटांत माझी काय अवस्था झाली ते मलाच ठाऊक, वाट दाखवायची जबाबदारी माझी होती आणि ग्रुपमध्ये दोन मुलं पहिल्यांदाच आलेली.

आणि हे दरवेळी होत नाही, हीच गोची आहे. मागच्या महिन्यात हेच सेल दिवसभर चालले. त्याआधी एकदा पाच तासांत गेले. म्हणजे जीपीएस बिघडला म्हणावं तर तसंही नाही. आता घरचे म्हणतात साधे अल्कलाइन सेल घे नि मोकळा हो, पण प्रत्येक ट्रेकला चार सेल वापरून फेकायचे हे मला बरं वाटत नाही, ज्या रानात आपण फिरतो त्याच्याच बाजूला कुठेतरी ते जाऊन पडणार. कुणाला अनुभव असेल तर सांगा.

जीपीएसवेडा_म्हापसा

पहिलं हे बघा, सेटअपमध्ये सिस्टिम, त्यात बॅटरी टाइप असं एक सेटिंग असतं. तिथे अल्कलाइन, लिथियम आणि एनआयएमएच (म्हणजे तुमचे चार्जिंगचे सेल) असे पर्याय येतात. बहुतेकांचं ते अल्कलाइनवरच पडलेलं असतं, कारण कोणी उघडून बघतच नाही. चार्जिंगचा सेल १.२ व्होल्टचा, अल्कलाइन १.५ चा, आणि दोघांची उतरायची पद्धत पण वेगळी, त्यामुळे सेटिंग चुकीचं असेल तर काड्या खोटं बोलतात. सेल काही त्यामुळे जास्त चालणार नाही पण निदान खरं काय ते दिसेल.

बाकी तीन गोष्टी सांगा, सेल किती वर्षांचे, चार्जर कुठला, आणि ट्रेकच्या किती दिवस आधी चार्ज केले होते?

रानवाट_वाळपई

बाब, तुमचं बरोबर निघालं, सेटिंग अल्कलाइनवरच होतं, इतक्या वर्षांत मी ते कधी बघितलंच नव्हतं. आता बदललं.

सेल साधारण सहा वर्षांचे. चार्जर सेलबरोबरच आलेला, चार सेल बसतात पण दिवे दोनच, एका जोडीला एक दिवा. रात्री लावतो, सकाळी काढतो. आणि चार्ज केले होते दोन आठवडे आधी, त्या आधीच्या रविवारी जायचं होतं पण पावसामुळे रद्द झालं, मग सेल तसेच डबीत राहिले. वापरलेच नाहीत म्हटल्यावर भरलेलेच असणार ना?

मीटरवाला_फोंडा

नाही हो, तिथेच तर सगळं आहे. मी फोंड्यात इलेक्ट्रॉनिक्स रिपेअरिंग करतो, तुमच्या उत्तरात मला तीन गोष्टी दिसतात, एकेक सांगतो.

एक म्हणजे तुमचे सेल जुन्या पद्धतीचे असणार. एनआयएमएच सेल पडून पडून आपोआप उतरतो. जुन्या पद्धतीचा सेल पहिल्या महिन्यातच वीस-तीस टक्के सहज गमावतो, आणि सहा वर्षांचा असेल तर त्याहून जास्त. २००५ साली सान्योने एनेलूप आणले, तेव्हापासून कमी उतरणारे सेल मिळायला लागले, वर्षभर कपाटात पडले तरी बरीचशी चार्जिंग शाबूत राहते. आता ते पॅनासोनिकच्या नावाने येतात, आणि त्या जातीचे सेल दुसऱ्या कंपन्याही काढतात. त्यांच्यावर आकडा साधारण २००० च्या आसपास असतो म्हणून लोक उचलत नाहीत, २७०० दिसला की तो घेतात. पण दोन आठवड्यांनी रानात जाऊन मोजलं तर २००० वाला पुढे निघतो. आणि बाजारात ४०००, ५००० लिहिलेले पेन्सिल सेल दिसले तर हातसुद्धा लावू नका, एनआयएमएच पेन्सिल सेलमध्ये २७००-२८०० च्या वर खरोखर काही मावतच नाही. हातात घेतलात तरी कळतं, चांगला सेल पंचवीस-तीस ग्रॅमचा असतो, हे खोटे कापसासारखे हलके लागतात.

दुसरी गोष्ट चार्जर. जोडीला एक दिवा म्हणजे तो दोन सेल एकामागे एक जोडून चार्ज करतो. दोघांपैकी एक आधी भरला तरी चार्जर थांबत नाही, भरलेला तापत राहतो आणि दुसरा अर्धवट राहतो. असं दोनशे वेळा झालं की चार सेल चार वेगळ्या वयाचे होऊन बसतात. त्यात रात्रभर म्हणजे बहुतेक टायमरवाला चार्जर, आणि पावसात आपल्याकडे लाईट रात्रीतून तीनदा जाते येते. लाईट आली की कित्येक चार्जरांचा टायमर परत शून्यापासून सुरू होतो. सेल सकाळी काढताना चांगलेच गरम लागतात ना?

तिसरी गोष्ट, आणि तुमचा खरा रोग मला हाच वाटतो, तुमचा एक सेल मेलेला आहे. चारांत एकच. तुम्ही सेलवर खुणा करत नाही असं धरून चालतो, म्हणजे दरवेळी जोडी वेगळी लागते. तो वाईट सेल ज्या जोडीत जाईल ती जोडी चार तासांत बसणार, दुसरी दिवसभर चालणार. म्हणून कधी असं कधी तसं. जीपीएस दोन्ही सेलचा व्होल्टेज मिळून बघतो, एक चांगला असला की बेरीज ठीक दिसते, दोन काड्या दिसतात, मग वाईट सेल एकदम कोसळतो आणि खेळ खलास. वरून चांगला सेल त्या रिकाम्या झालेल्यातून करंट ढकलतच राहतो, त्याला उलटं चार्जिंग होतं, मग तो आणखीनच मरतो.

मल्टिमीटर लावून बघायला जाऊ नका, लोड नसताना, म्हणजे सेलवर काही चालू नसताना, मेलेला सेलसुद्धा १.३ व्होल्ट दाखवतो. प्रत्येक सेल वेगळा चार्ज करून, मग पूर्ण उतरवून किती एमएएच निघाले ते मोजणारा चार्जर मिळतो, कुणाकडे असेल तर चार दिवस मागून आणा.

बेडूकताई_चोर्ला

मी रात्रीची फिरणारी, जून ते सप्टेंबर आमचा बेडकांचा सीझन, त्यामुळे माझा प्रश्न जीपीएसपेक्षा हेडटॉर्चचा. पण जे मीटरवाल्या दादांनी लिहिलंय ते अक्षरशः माझ्याबरोबर घडलंय. माझ्या हेडटॉर्चला तीन छोटे सेल लागतात, रिमोटचे असतात तसले, आणि तीनांतला एक जुना मिसळला होता. ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभी असताना उजेड गेला. मलबारी उडत्या बेडकाचं फेसाचं घरटं शोधत वर झाडाकडे बघत होते आणि एकदम काळोख. तेव्हापासून माझ्या गळ्यात एक छोटी विजेरी वेगळी असतेच असते, वेगळ्या सेलवाली.

मला जे सांगायचंय ते ओलाव्याबद्दल. सेल संपेल ही भीती सगळ्यांना असते पण इथल्या पावसात सेल बदलणं हेच जोखमीचं काम आहे. झाकण उघडलं की केसावरून पाणी टपकून आत जातं, सेलच्या टोकांना ओल लागते, झाकणाच्या रबराच्या कडीत मातीचा एक कण अडकला तरी तिथून पाणी शिरत राहतं. म्हणून मी डोंगरावर सेल बदलायची वेळ शक्यतो येऊच देत नाही, गाडी सोडायच्या आधी छपराखाली ताजे सेल घालते, आधीचे अर्धे भरलेले असले तरी. चार्जिंगच्या सेलचा हाच फायदा आहे बघा, अल्कलाइन अर्धा वापरलेला काढून टाकायला जीव होत नाही, हा घरी जाऊन परत भरता येतो. अर्धवट असताना चार्ज केला तर खराब होतो असं काही नाही, ती सवय जुन्या निकेल कॅडमियम सेलच्या काळातली.

स्पेअर ठेवायला घट्ट झाकणाची प्लास्टिकची डबी घ्या, आत तांदूळ नको, सिलिका जेलची पुडी टाका. आणि सुटे सेल किल्ल्या नि नाण्यांबरोबर खिशात ठेवू नका, टोकं जुळली तर चटका बसेल एवढे तापतात.

प्लॅटफॉर्म_कुळें

एवढी कटकट कशाला, आता यूएसबीने चार्ज होणारे १.५ व्होल्टचे लिथियम पेन्सिल सेल मिळतात. मोबाईलच्या टाइप सी वायरने भरायचे, पॉवरबँकवर पण भरतात, व्होल्टेज शेवटपर्यंत १.५ पक्का. मी कॅमेऱ्याच्या फ्लॅशला वापरतो, मस्त आहेत.

मीटरवाला_फोंडा

वाईट नाहीत, पण जीपीएससाठी मी तरी सांगणार नाही. त्यांच्या आत लिथियम सेल असतो आणि तो ३.७ वरून १.५ वर उतरवणारं एक छोटं सर्किट. ते सर्किट शेवटपर्यंत १.५ देतं म्हणूनच जीपीएसला पाच मिनिटं आधीपर्यंत बॅटरी फुल्ल दिसते, आणि मग एकदम अंधार. वाळपईवाल्यांची तक्रार नेमकी तीच आहे. शिवाय त्या सर्किटाचा रेडिओला आवाज येतो, ज्याच्याकडे हातातला रेडिओ किंवा वॉकीटॉकी असेल त्याने तर बघूनच घ्यावेत.

आणि या निमित्ताने एक गोष्ट कळकळीने सांगतो. १४५०० नावाचा एक लिथियम सेल पेन्सिल सेलच्याच मापाचा येतो. तो ३.७ व्होल्टचा असतो, भरलेला असताना ४.२. दिसायला तसाच, बसतो पण बरोबर. दोन घातले तर तीन व्होल्टच्या जागी आठच्या वर जातात आणि जीपीएस जळतो. माझ्या टेबलावर असा जळलेला जीपीएस आणि दोन टॉर्च येऊन गेल्यात. सेलवर ३.७ दिसला की दुकानातच परत ठेवा.

तेरेखोलकाठ

आमची ट्रॉलर आहे, हातातला जीपीएस मोठ्या सेटला जोड म्हणून असतो. रानाचं मला कळत नाही पण सेलच्या बाबतीत माझा अनुभव ऐका. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, ६१ दिवस सामान घरात. एका वर्षी मी अल्कलाइन सेल आत ठेवूनच जीपीएस कपाटात ठेवला. ऑगस्टमध्ये काढला तर आत पांढरी भुकटी, स्प्रिंग हिरवी झालेली. सेल फुटून गळले होते.

म्हणून बंदी लागली की पहिलं काम सेल काढायचं. आणि गळलेच तर ती भुकटी हाताने पुसू नका, अल्कलाइनमधून पोटॅशियम हायड्रॉक्साइड येतं, कातडीला आणि डोळ्यांना वाईट. हातमोजे घालून कापसाच्या काडीला लिंबाचा रस किंवा व्हिनेगर लावून स्प्रिंग पुसायची, मग साध्या पाण्याच्या ओल्या काडीने, मग नीट वाळवायचं. माझा जीपीएस त्यानंतर अजून चालू आहे. चार्जिंगचे सेल सहसा असे गळत नाहीत, मी तेवढ्यासाठीच त्यांच्यावर आलो.

पण स्पेअर म्हणून मी चार्जिंगचा ठेवत नाही. चार्ज न होणारे लिथियमचे १.५ व्होल्टवाले पेन्सिल सेल मिळतात, महाग आहेत, पण वजनाला पंधरा ग्रॅमच आणि वर्षानुवर्षं पडले तरी उतरत नाहीत. पाकीट न फोडता एका पिशवीत बंद करून ठेवलेत. आतापर्यंत एकदाच फोडले.

डोंगरपोर_डिचोली

मी विचारतो, एवढं करण्यापेक्षा सॅटेलाइटवरून मेसेज जाणारं यंत्र नाही का बरं? त्यात बॅटरी आतच असते, चार्ज करायची नि निघायचं. परदेशात सगळे ट्रेकर तेच वापरतात.

जीपीएसवेडा_म्हापसा

घेऊ नका! आपल्याकडे सॅटेलाइट फोन आणि सॅटेलाइट कम्युनिकेटर सरकारी परवानगीशिवाय जवळ बाळगणं गुन्हा आहे. २०२४ च्या डिसेंबरात गोव्याच्याच विमानतळावर एका परदेशी प्रवाशाला यावरून अडवलं होतं. नुसता जीपीएस, जो फक्त ऐकतो नि काही पाठवत नाही, त्याला काही अडचण नाही. ओळखीच्या परदेशी पाहुण्यांना पण आधीच सांगून ठेवा, बिचाऱ्यांना माहीत नसतं.

रानवाट_वाळपई

मंडळी, दहा दिवसांनी येतोय पण रिझल्ट घेऊन येतोय. म्हापशाच्या एका मित्राकडे तो मोजणारा चार्जर निघाला, चारही सेल एकदम लावले तरी पूर्ण चक्र व्हायला दीड दिवस लागला. आकडे असे आलेत: १६४०, १७१०, १५८० आणि ६१०.

मीटरवाला बाब, तुम्ही न बघता सांगितलंत, हात जोडतो! सहा वर्षं मी त्या एका सेलसाठी जीपीएसला, पावसाला, झाडांच्या दाटीला दोष देत होतो.

मीटरवाला_फोंडा

आता हिशोब करून बघा, छान जुळतो. ईट्रेक्सला दोन सेलवर २५ तास असं कंपनी सांगते, म्हणजे तासाला साधारण शंभर एमएएच खातो धरा. ६१० वाला पूर्ण भरलेला असला तर सहा तास. दोन आठवडे पडून त्यातला तिसरा हिस्सा गेला की उरले चार. सातला चालू केलात, अकराला बंद. बाकीचे तिघे १६०० च्या आसपास म्हणजे दिवस सहज निघतो, पण बॅकलाइट सारखा पेटवलात तर त्यातलेही दोन-तीन तास धरू नका.

६१० वाला काढा. १६४० नि १७१० ची जोडी करा, घरात विजेरीला वापरा. १५८० एकटा राहिला तो घड्याळाला. ट्रेकसाठी नवे चार घ्या, कमी उतरणारे, एकाच पाकिटातले, आणि प्रत्येक सेलला वेगळा दिवा असलेला चार्जर. सेलपेक्षा चार्जरवर पैसे घाला हे मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. दोन-तीन तासांत भरणारा पुरे, पंधरा मिनिटांत भरून देतो म्हणणारा नको, त्यात सेल भाजून निघतो. आणि भरलेले सेल एप्रिल-मेमध्ये गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, उष्णतेने म्हातारे होतात.

रानवाट_वाळपई

घेतले, एनेलूपचे २००० वाले चार, आणि चार दिव्यांचा चार्जर. जुना सेल कुठे टाकू? ओल्या कचऱ्यात तर टाकणार नाही.

बेडूकताई_चोर्ला

दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा आणि वेगळ्या पिशवीत ठेवा. २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करायची जबाबदारी बनवणाऱ्यांची आणि आयात करणाऱ्यांची आहे, छोटे सेल पण त्यात येतात. पंचायतीच्या सुक्या कचऱ्याच्या माणसाला ई-कचरा म्हणून वेगळा द्या, हातात देऊन सांगा, नुसता डब्यात टाकू नका. मी घरात एक बरणी केलीय, ती भरली की एकदम देते. आणि जाळू तर अजिबात नका, आपल्याकडे परसात पाला जाळताना लोक काय काय टाकतात ते बघून माझा जीव खालीवर होतो.

रानवाट_वाळपई

परवा परत तीच वाट केली. सकाळी पावणेसातला गाडीजवळ छपराखाली ताजे सेल घातले, बेडूकताईंनी सांगितल्यासारखे, संध्याकाळी साडेपाचला उतरलो तेव्हा चारांतल्या तीन काड्या शिल्लक, आणि आता त्या काड्यांवर विश्वास ठेवता येतो. धुकं त्या दिवसासारखंच होतं. पहिल्यांदा आलेल्या त्या दोन मुलांपैकी एकाच्या हातात मी जीपीएस दिला, परतीचा अर्धा रस्ता त्यानेच वाट काढली. स्पेअर डबी उघडावी लागली नाही.

एकच अडचण, जोड्यांना मार्करने अ आणि ब लिहिलं होतं, ते घामाने नि पावसाने पुसून गेलंय. काय वापरू?

बेडूकताई_चोर्ला

नेलपॉलिश. एका जोडीला एक ठिपका, दुसरीला दोन, सेलच्या अंगावर, टोकांना लागू देऊ नका. माझ्या सेलवरचे ठिपके तीन पावसाळे टिकलेत.